गिझरच्या पोटातले दगड

कोसाडात फ्लॅट बघायला येणारे लोक काय काय विचारतात ते मला आता पाठ झालंय. लिफ्ट किती, पार्किंग मिळेल का, कोसाड स्टेशनला चालत जाता येतं का, मेंटेनन्स किती. सोबत वास्तुशास्त्र जाणणारे एखादे मामा असले तर स्वयंपाकघराची दिशा. "पाणी चोवीस तास आहे ना?" असंही विचारतात आणि "हो" ऐकलं की पुढच्या खोलीकडे वळतात. पाणी कुठलं, हे कुणी विचारत नाही. मग दोन वर्षांत गिझरची कॉइल दुसऱ्यांदा जाते, नव्या वॉशिंग मशीनमधून टॉवेल पापडासारखे कडक निघतात, बाथरूमच्या काचेवर कितीही पुसलं तरी न जाणारे पांढरे ठिपके बसतात आणि कंपनीला शिव्या देणं सुरू होतं.

कंपनीची वकिली करायला मी बसलेलो नाही. सुरतेतल्या एका डाईंग मिलमध्ये बॉयलर आणि पाण्याचा विभाग सांभाळण्यात माझी वीसेक वर्षं गेली, आणि राहतो कोसाडात. त्यामुळे पाण्याने यंत्रांचं काय होतं ते दिवसा मिलमध्ये आणि संध्याकाळी शेजाऱ्यांच्या घरी बघत असतो. आपल्या मंडळातल्या बऱ्याच तरुण जोडप्यांनी अमरोली, कोसाड, छापराभाठा या बाजूला घरं घेतली आहेत. मिलमध्ये जी गोष्ट रोज तपासली जाते ती घरात कुणी एकदाही तपासत नाही, म्हणून हा लेख.

दोन पाणी, एक टाकी

आमच्या भागातल्या पुष्कळ इमारतींत पाणी दोन ठिकाणांहून येतं. एक महानगरपालिकेचं, म्हणजे तापीचं. दुसरं सोसायटीच्या बोअरचं. पालिकेचं पाणी ठरावीक वेळी खालच्या टाकीत पडतं, ते कमी पडलं की बोअर चालू होतो, आणि दोन्ही गच्चीवरच्या एकाच टाकीत जाऊन मिसळतात. तुमच्या नळाला जे येतं ते या दोघांचं मिश्रण. प्रमाण रोज वेगळं. उन्हाळ्यात बोअर जास्त, पावसाळ्यात तापी जास्त.

तापीचं पाणी आपल्याला परकं नाही. बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईला उगम, चांगदेवला पूर्णेची भेट, मग भुसावळ, पुढे गिरणा, बोरी, पांझरा सामावून घेत सारंगखेडा, प्रकाशा, आणि तिथून उकाई. ७२४ किलोमीटरची ही नदी १९७२ साली पूर्ण झालेल्या उकाई धरणात थांबते, काकरापारवरून खाली येते आणि सुरतेच्या नळाला लागते. आपल्यापैकी किती जणांचे आईवडील भुसावळ-सुरत पॅसेंजरमध्ये बसून जवळपास याच वाटेने इथे आले! असो.

वाटेत या पाण्यात काय मिसळतं ते बघा. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं. ते खडकातून, चुनखडीच्या खड्यांतून मुरताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळवून सोबत घेतं. नदीचं पाणी वाहतं असतं, त्यात पावसाचं ताजं पाणी भर घालतं, म्हणून त्यात हे क्षार बेताचे. बोअरचं पाणी मात्र जमिनीच्या पोटात वर्षानुवर्षं मुरत पडलेलं. त्याला खडकाशी बोलायला भरपूर वेळ मिळालेला असतो. त्यामुळे ते जास्त जड.

जड म्हणजे खारट नव्हे, हे आधी सांगून ठेवतो, कारण इथे दोन्ही शब्द सर्रास एकाच अर्थी वापरतात. खारटपणा मुख्यतः मिठाचा, म्हणजे सोडियमचा. जडपणा कॅल्शियम-मॅग्नेशियमचा. आमच्याकडून ओलपाडच्या दिशेने, समुद्राच्या बाजूला सरकलात तर जमिनीखालच्या पाण्यात दोन्ही भेटतात. पण जिभेला अजिबात खारट न लागणारं पाणीही चांगलंच जड असू शकतं. शाळेच्या पुस्तकात आपण त्याला दुष्फेन पाणी म्हणायचो, ज्यात साबणाचा फेस होत नाही ते. गुजरातीत या पाण्याचा जो पांढरा थर बसतो त्याला छारी म्हणतात. दातांवर साचणाऱ्या थरालाही तोच शब्द. मला तो शब्द फार चपखल वाटतो.

आमच्या आजीला यातली रसायनं ठाऊक नव्हती, पण तिच्या घरी दोन पाणी वेगळी असत. वरणाचं पाणी गावाबाहेरच्या गोड्या विहिरीचं, डोक्यावरून आणलेलं. आंघोळीचं, भांड्यांचं पाणी वाड्यातल्या विहिरीचं. जड पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, कारण कॅल्शियम डाळीच्या दाण्यातल्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवतं. ज्या घरात पाहुण्यांना वरण-बट्टी करायची असते तिथे हे ज्ञान पुस्तकाविना होतंच. तांब्याच्या बंबातला पांढरा थर काढायला चिंच लागते, हेही. गच्चीवरच्या एका टाकीने ही दोन पाणी एक केली आणि सोबत ते ज्ञानही गेलं. आता प्रेशर कुकरच्या शिट्ट्या वाढवून डाळ शिजते. गिझरला शिट्ट्या नसतात.

तापलं की बसतं

जड पाणी थंड असतं तोवर फारसं बिघडत नाही. कॅल्शियम बायकार्बोनेटच्या रूपात मुकाट्याने विरघळलेलं असतं. पाणी तापलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे उरतं कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीच. ते पाण्यात विरघळत नाही. जिथे पृष्ठभाग सगळ्यात गरम, तिथेच ते बसतं. गिझरमध्ये सगळ्यात गरम जागा म्हणजे हीटरची कॉइल.

हिशेब करून बघा. पाण्याचा जडपणा समजा लिटरला ४०० मिलिग्रॅम आहे आणि चौघांच्या घरात गिझरमधून रोज ६० लिटर पाणी जातं. म्हणजे रोज २४ ग्रॅम चुनखडीचा माल गिझरमधून प्रवास करतो, वर्षाला पावणेनऊ किलो. बहुतेक तसाच बाहेर पडतो. पण दहावा हिस्सा जरी आत राहिला, तरी वर्षाला पाऊण किलोच्या पुढे दगड पंधरा लिटरच्या टाकीत. शेजाऱ्यांचा गिझर मिस्त्रीने उघडला तेव्हा पत्र्याची पाटी खाली धरावी लागली होती. अंड्याच्या कवचासारख्या खपल्या धबाधबा पडल्या. घरातल्या मुलाने एक खपली लिंबाच्या रसात टाकली, ती फसफसली, आणि मग अर्धा तास सगळं घर तोच प्रयोग करत बसलं.

आता एक गोष्ट जी मला विक्रेत्यांच्या तोंडून नेहमी चुकीची ऐकू येते. "क्षारामुळे तुमचं लाइटबिल दुप्पट येतं," असं ते सांगतात. मिलच्या बॉयलरबाबत यात तथ्य आहे. तिथे नळीच्या एका बाजूला आग आणि दुसऱ्या बाजूला पाणी. मध्ये चुन्याचा थर आला की उष्णता पाण्यात शिरत नाही, धुराड्यातून निघून जाते आणि कोळसा वाया जातो. चुन्याचा थर तांब्याच्या तुलनेत शेकडो पटींनी कमी उष्णता पुढे जाऊ देतो. पण घरच्या गिझरमध्ये हीटर पाण्यातच बुडालेला असतो. त्याच्या उष्णतेला पाण्याशिवाय जायला दुसरी जागाच नाही. त्यामुळे बिल फारसं बदलत नाही. बदलतं ते हीटरचं आयुष्य. थराखाली त्याचा अंग भाजण्याइतका ताप वाढतो, आवरण फुगतं, तडकतं आणि एक दिवस पाणी आत शिरून एमसीबी पडतो. खिशाला चाट बसते ती कॉइलची, गॅस्केटची आणि मिस्त्रीच्या फेऱ्यांची.

एमसीबी पडला तर नशीब. अर्थिंग नीट नसेल आणि आरसीसीबी बसवलेला नसेल, तर फुटक्या कॉइलचा करंट शॉवरच्या पाण्यात उतरू शकतो. भाड्याच्या घरात राहायला जाताना पंखे किती ते मोजण्याआधी ही दोन कामं इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

याहून धोक्याची एक जागा आहे आणि तिच्याबद्दल फार कमी लोक बोलतात. साठवणीच्या गिझरच्या खाली, थंड पाणी आत शिरतं त्या नळीवर एक लहानसा व्हॉल्व्ह असतो. आत दाब वाढला की तो थोडं पाणी सोडून देतो. गिझर चालू असताना त्यातून थेंब थेंब पडणं हे त्याचं कामच आहे. घरोघरी काय होतं? "गिझर गळतोय" म्हणून कुणीतरी त्या तोंडावर बूच ठोकतं, नाहीतर सेलोटेप गुंडाळतं. किंवा क्षाराने तो व्हॉल्व्ह आपोआपच जाम होतो. दुसरीकडे थर्मोस्टॅटची नळीही त्याच चुन्यात गाडली गेलेली असते, तिला पाण्याचा खरा ताप कळत नाही. थर्मोस्टॅटने धोका दिला आणि व्हॉल्व्हही बंद असला तर भिंतीवर टांगलेली ती टाकी म्हणजे विनारखवालीचा बॉयलर. मोठ्या बॉयलरसाठी देशात १९२३ साली कायदा झाला, अधिकृत तपासणीशिवाय मिल तो चालवू शकत नाही. भुसावळच्या शेडमध्ये वाफेची इंजिनं होती तेव्हा त्यांचे बॉयलरही ठरावीक दिवसांनी थंड करून आतून धुतले जायचे. घरच्या गिझरचा निरीक्षक घरातल्यांनीच व्हायचं. सहा महिन्यांतून एकदा त्या व्हॉल्व्हची दांडी वर उचलून बघा, पाणी सुटलं पाहिजे. गिझर बंद आणि थंड असताना उचला, हात भाजायला नको. पाणी नाही सुटलं तर नवा व्हॉल्व्ह बसवा. तो बुजवायचा कधीच नाही.

बाकीची यंत्रं

वॉशिंग मशीनची कथा थोडी वेगळी. टॉप लोडमध्ये बहुधा हीटर नसतो, म्हणून दगड कमी. तिथे त्रास होतो पावडरीचा. पावडरीतला बराच भाग कपडे धुण्याआधी कॅल्शियमशी झुंजण्यातच खर्च होतो. मळ आणि क्षार मिळून राखाडी चिकटा तयार होतो, तो ड्रमच्या मागे आणि कपड्यांच्या धाग्यांत बसतो. पांढरा शर्ट पिवळट-राखाडी का झाला याचं उत्तर तिथे आहे. लोक मग सुवासिक कंडिशनर ओततात. त्याने वास येतो, चिकटा जात नाही. फ्रंट लोडमध्ये हीटर असतो, त्यामुळे ४० किंवा ६० अंशांवर धुतलं की तिथेही गिझरचीच गोष्ट सुरू. पाणी आत येतं त्या पाइपच्या तोंडाशी एक बारीक जाळी असते. मशीन पाणी हळू घेत असेल तर मिस्त्री बोलावण्याआधी ती काढून ब्रशने घासा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात, असा माझा अनुभव.

शॉवर आणि नळाच्या जाळीबद्दल सांगण्यासारखं फार नाही, काढा आणि लिंबाच्या पाण्यात बुडवून ठेवा. कूलरमध्ये पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात, म्हणून टाकीतलं पाणी दिवसेंदिवस जड होत जातं. वरून नवं पाणी ओतत राहण्याऐवजी आठवड्याला सगळं काढून टाका. डासांसाठी तेही बरंच. वाफेच्या इस्त्रीत आरओचं पाणी घाला. इन्व्हर्टरच्या बॅटरीत मात्र आरओचंही नको, तिथे डिस्टिल्ड वॉटरच.

आरओवरून आठवलं. आपल्या घरातल्या बायका काटकसरीच्या, आरओमधून वाया जाणारं पाणी बादलीत धरून ठेवतात आणि मशीनमध्ये ओततात. धरून ठेवणं उत्तम. पण मशीनमध्ये ओतू नका. आरओ चांगलं पाणी एका बाजूला काढतो आणि त्यातले क्षार दुसऱ्या बाजूच्या पाण्यात लोटतो. बादलीतलं ते पाणी नळाच्या पाण्याहून जास्त जड असतं. ते संडासात टाका, पार्किंग धुवा. फरशी पुसली तरी चालेल, काळ्या ग्रॅनाइटवर मात्र डाग दिसतील.

मीटरवाले भाऊ

रविवारी सकाळी सोसायटीच्या गेटपाशी टेबल मांडून बसणारे तरुण तुम्हीही बघितले असतील. तुमच्या घरचं पाणी मागवतात, पेनसारखं मीटर बुडवतात, आकडा दाखवतात आणि चेहरा गंभीर करतात. कधी पाण्यात दोन सळ्या घालून वीज सोडतात, पाणी तांबूस-काळं होतं, आणि बघणाऱ्या आजीबाई घाबरतात. तो काळा रंग पाण्यातली घाण नसते, लोखंडी सळी विजेने झिजते त्याचा तो गाळ. शुद्ध केलेल्या पाण्यात क्षार नसल्यामुळे वीज वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसतं. एवढीच जादू. त्या स्वच्छ पाण्यात चिमूटभर मीठ टाका आणि परत सळ्या घालायला सांगा.

ते पेन टीडीएस मोजतं, म्हणजे विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा एकत्रित अंदाज. त्यात जडपणा किती आणि साधं मीठ किती हे त्याला कळत नाही. आरओच्या ग्लासभर पाण्यात मीठ घाला, टीडीएस भडकेल, जडपणा शून्याच्या आसपासच राहील. गिझरला त्या मिठाने थर बसणार नाही. म्हणून यंत्रांसाठी विचारायचा आकडा टीडीएसचा नाही, टोटल हार्डनेसचा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, टोटल हार्डनेसची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरं पाणी उपलब्ध नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावं असं म्हटलंय. टीडीएससाठी हेच आकडे ५०० आणि २०००. जडपणाचा तब्येतीशी संबंध जोडून घाबरवणाऱ्यांना सांगा, जागतिक आरोग्य संघटनेने जडपणासाठी आरोग्याच्या कारणाने कुठलीही मर्यादा ठरवलेली नाही. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम शरीराला लागतातच. उलट २०१९ च्या मे महिन्यात राष्ट्रीय हरित लवादाने टीडीएस ५०० च्या खाली असेल तिथे आरओला मनाई करावी असा निर्देश पर्यावरण मंत्रालयाला दिला होता, कारण लिटरभर पाण्यासाठी दोन-तीन लिटर वाहून जातं.

जडपणा मोजणं अवघड नाही. मिलमध्ये आम्ही दर पाळीला करतो, कारण जड पाण्यात पॉलिस्टरचा रंग गोळा होऊन साडीवर डाग पडला तर तो कितीही धुतला तरी जात नाही. पन्नास मिलिलिटर पाणी घ्यायचं, बफरचे थेंब, एका काळसर पावडरीची चिमूट. पाणी वाइनसारखं लाल होतं. मग वरून ईडीटीए नावाचं द्रावण थेंब थेंब सोडायचं. ते एकेक करून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पकडतं, आणि शेवटचं पकडलं गेलं की लाल रंग एकदम स्वच्छ निळा होतो. आमच्या द्रावणाचा एक मिलिलिटर म्हणजे लिटरला २० मिलिग्रॅम जडपणा. घरासाठी थेंब मोजायची तयार किट मिळते. महाग नसते आणि एक किट सगळ्या सोसायटीला पुरते. गच्चीवरच्या टाकीचं मोजू नका. पालिकेच्या नळाचं वेगळं, बोअरचं वेगळं मोजा. ज्या मुलांना बोर्डाची केमिस्ट्री आहे त्यांना हे काम द्या, रंग बदलताना बघून त्यांना टायट्रेशन पाठ करावं लागणार नाही. आमच्याकडे नववीतल्या दोघांनी मोजलं तेव्हा तापीचं पाणी पटकन निळं झालं. बोअरच्या पाण्याला थेंब मोजता मोजता एकाचा आकडा चुकला आणि परत पहिल्यापासून मोजावं लागलं.

मग करायचं काय

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी उपाय प्लंबरचा आहे. आजीचाच. दोन पाणी वेगळी करा. गच्चीवर दोन टाक्या असतील, किंवा एका टाकीत मध्ये भिंत घालता येत असेल, तर बोअरचं पाणी संडासाच्या फ्लशला, जिना धुवायला, झाडांना. पालिकेचं पाणी स्वयंपाकघर, गिझर आणि मशीनला. नवी इमारत बांधली जात असेल तर हे सांगायला हीच वेळ, नंतर भिंती फोडाव्या लागतात. बुकिंग करताना बिल्डरला विचारा, "दोन लाइन आहेत का?" तो तुमच्याकडे चमकून बघेल. बघू द्या.

हे शक्य नसेल तर साफसफाई. किराणा दुकानात सायट्रिक ॲसिड मिळतं, आपण लिंबूसत्त्व म्हणतो, इथला दुकानदार लींबुना फूल म्हणतो. किटलीसाठी लिटरभर पाण्यात दोन चमचे, उकळून अर्धा तास ठेवा, ओतून द्या, दोनदा धुवा. फ्रंट लोड मशीनमध्ये कपडे न घालता शंभरेक ग्रॅम टाकून गरम पाण्याचं एक चक्र चालवा, तीन-चार महिन्यांतून एकदा. त्याहून जास्त नको, रबराला सोसत नाही. गिझर दोन वर्षांत एकदा तरी मिस्त्रीकडून उघडून घ्या, पाणी फारच जड असेल तर दरवर्षी. आत मॅग्नेशियमचा एक दांडा असतो, तो टाकीऐवजी स्वतः गंजतो आणि टाकीला वाचवतो. बऱ्याचदा मिस्त्री त्याच्याकडे बघतही नाहीत. तो झिजून तारेएवढा झाला असेल तर बदलायला सांगा. आणि गिझर पूर्णावर ठेवू नका, ५५ अंशांच्या आसपास ठेवा. ताप जितका जास्त तितका थर लवकर बसतो, आणि नाहीतरी तुम्ही त्यात बादलीभर थंड पाणी मिसळताच.

संडासाचं ॲसिड मात्र या कुठल्याही यंत्रात नको. ते हायड्रोक्लोरिक असतं, स्टीलच्या ड्रमला बारीक भोकं पाडतं. ब्लीचसोबत ते मिसळलं तर क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये जीवावर बेततं. लिंबूसत्त्वही संगमरवरी ओट्यावर किंवा कोट्याच्या फरशीवर सांडू देऊ नका. ते दगड स्वतःच चुन्याचे, तिथे चकाकी कायमची जाईल.

गिझर आणि मशीनच्या तोंडाशी लावायच्या पॉलिफॉस्फेटच्या गोळ्यांच्या छोट्या बाटल्या मिळतात. त्या क्षार काढत नाहीत, त्याला बसू देत नाहीत. मध्यम जड पाण्यात ठीक काम करतात, गोळ्या संपल्या की भरायच्या. पाइपवर बांधायच्या चुंबकावर माझा विश्वास नाही. मिलमध्ये कुणी बॉयलर चुंबकाच्या भरवशावर चालवत नाही.

राहिला सॉफ्टनर. हा खरा उपाय, पण खर्चाचा आणि पाठपुराव्याचा. टाकीत रेझिनचे बारीक मणी असतात, ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्याने धुतले की परत तयार. घरासाठी साधा हिशेब असा: जडपणा ४०० आणि वापर दिवसाला ३०० लिटर असेल तर रोज १२० ग्रॅम क्षार पकडायचा. दहा लिटर रेझिन साधारण अर्धा किलो पकडतं, म्हणजे चार दिवसांनी मीठ द्यायचं, दर वेळी सव्वा ते दीड किलो. विक्रेता याहून फार वेगळा हिशेब सांगत असेल तर त्याला कागदावर मांडायला लावा. सॉफ्टनर लावल्यावर टीडीएसचं पेन बुडवून "फसवलं, आकडा तेवढाच आहे" असं म्हणू नका, कॅल्शियम गेलं तेवढं सोडियम आलं, आकडा जवळपास तोच राहणार. आणि याच कारणासाठी पिण्याच्या आणि स्वयंपाकाच्या नळाला हे पाणी देऊ नका. ४०० जडपणाचं पाणी पूर्ण मऊ केलं तर लिटरला १८० मिलिग्रॅमच्या वर सोडियम येतं. घरात रक्तदाबाचं कुणी असेल तर ही बाब डॉक्टरांच्या कानावर घाला.

सगळ्या इमारतीसाठी एक मोठा सॉफ्टनर घ्यावा का, हा प्रश्न आमच्या सोसायटीच्या सभेत दोन तास चालला. पैशांवरून वाद होईल असं वाटलं होतं, झाला तो मिठावरून. आठवड्याला गोणी कोण आणणार, वॉचमन मीठ भरेल का, आणि ते मिठाचं पाणी गटारात सोडायचं की बागेत. बागेत सोडलं तर झाडं मरतील, हे एका काकूंनी तिथल्या तिथे सांगितलं आणि ते बरोबर होतं. शेवटी सॉफ्टनर बाजूला राहिला, आधी लाइन वेगळ्या करायचं ठरलं. गच्चीवर फ्लशसाठी दुसरी टाकी आली, बोअर तिला जोडला. उन्हाळ्यात पालिकेचं पाणी अपुरं पडेल तेव्हा दोन्ही टाक्यांमधला व्हॉल्व्ह उघडायचा, एरवी बंद. त्याची किल्ली सेक्रेटरींकडे आहे. कधी उघडला त्याची तारीख नोटीस बोर्डावर लिहायची आणि त्या दिवसांत गिझर जमेल तितका कमी तापवायचा, असं ठरलंय.